लोखंडाची कड मोडताना

करवतीने किंवा गॅसच्या ज्योतीने कापलेला लोखंडाचा तुकडा हाती आला, की काम जवळजवळ संपले, अशी घरी हौसेने काम करणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तेथे निम्मे काम उरलेले असते. कापलेली कड दिसायला सरळ वाटली तरी तिच्यावरून बोट फिरवून पाहण्याचे धाडस जाणता कारागीर करीत नाही. करवत धातूतून बाहेर पडताना शेवटचा पातळ थर कापला न जाता वाकतो आणि कडेला कुसळासारखा चिकटून राहतो. कारखान्यात तिला 'बर' म्हणतात. ही बर कित्येकदा केसाइतकी बारीक असते, डोळ्याला दिसत नाही, पण कातडीला मात्र तत्काळ कळते.

समजा, बेळगावातील एखाद्या जुन्या घरात वृद्ध आई आहे, आणि न्हाणीघरात तिला धरण्यासाठी मुलाने भिंतीला लोखंडी नळीचा कठडा बसवायचे ठरविले आहे. काम लहान आहे. दीड हात लांबीची नळी, तिच्या दोन टोकांना ६ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे दोन तुकडे, प्रत्येकात स्क्रूसाठी तीन भोके. वेल्डिंग कोपऱ्यावरच्या दुकानात करून मिळते. बाकीचे काम घरच्या ओसरीवर होण्यासारखे आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. तरुण हाताला नुसता ओरखडा उठवील अशी कड म्हातारपणच्या हाताची साल सोलून काढते. आणि घरात मधुमेह असेल तर ती जखम महिना महिना भरत नाही. पडू नये म्हणून बसविलेला कठडाच जर हात कापू लागला, तर आई तो धरीनाशी होईल, आणि मग तो असून नसल्यासारखाच. म्हणून या साध्या कामासाठी कोणते हत्यार घ्यावे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

आजकाल असा प्रश्न कोणी हार्डवेअरच्या दुकानात विचारला, तर दुकानदार पहिल्यांदा विजेवर चालणारा ग्राइंडर पुढे करतो. ग्राइंडर वाईट नाही. परंतु ज्याच्याजवळ एकही कानस नाही त्याने प्रथम ग्राइंडर घेणे, म्हणजे पोहता येण्यापूर्वी होडी विकत घेण्यासारखे आहे. ग्राइंडर धातू झपाट्याने खातो. किती खावे हे मात्र त्याला कळत नाही, आणि नवख्या हातालाही कळत नाही. एका क्षणात कड तिरपी होते, पट्टीला खळगा पडतो, आणि गेलेला धातू परत येत नाही. कानस हळू काम करते, म्हणून चूक लवकर दिसते आणि वेळेवर थांबता येते.

कानशीचा इतिहास जुना आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती साधूने कलाकौशल्याच्या कामांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यात चौकोनी, तिकोनी, गोल अशा निरनिराळ्या कानशी कशा घडवाव्यात आणि जाळलेल्या शिंगाची पूड व मीठ भुरभुरून त्या तापवून कशा कठीण कराव्यात, याची कृती दिलेली आहे. शिंगातला कार्बन तापलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागात शिरतो आणि नंतर पाण्यात विझवले की तो पृष्ठभाग कठीण होतो, हे आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता येते. त्या साधूला ती भाषा ठाऊक नव्हती. कृती मात्र अचूक होती. पुढे लिओनार्दो दा विंचीने कानशीचे दाते पाडणाऱ्या यंत्राचे चित्र काढून ठेवले. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक दाते माणसाच्या हातानेच, छिन्नी आणि हातोडीने, एकामागून एक पाडले जात. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात हा धंदा करणारे कारागीर कानशीची दुसरी बाजू पाडताना पहिल्या बाजूचे नवे दाते चेपू नयेत म्हणून ती शिशाच्या गादीवर ठेवीत. त्या शिशाची धूळ पोटात व अंगात जाऊन कित्येकांना पोटशूळ होई, मनगटे लुळी पडत. त्याच शहरात वालुकाश्माच्या चाकावर कोरडेच काटे घासणारे कामगार दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन ऐन तिशीत मरत. आज दुकानात सहज मिळणाऱ्या हत्यारामागे असा इतिहास आहे. सन १८६४ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे विल्यम निकल्सन याने यंत्रावर दाते पाडण्याचा कारखाना काढला, आणि त्यानंतर हातकाम हळूहळू मागे पडले.

कानस निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: तिचा आकार, तिचे दाते आणि तिची लांबी. आकाराचे समजणे सोपे आहे. सपाट कडेला सपाट कानस, नळीच्या आतल्या बाजूला अर्धगोल, भोकाला गोल, कोपऱ्याला तिकोनी. दात्यांच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. ज्या कानशीवर एकाच दिशेने समांतर रेघा असतात ती एकेरी दात्यांची. जिच्यावर दोन दिशांच्या रेघा एकमेकींना छेदतात ती दुहेरी दात्यांची. दुहेरी कानस धातू लवकर काढते, एकेरी कानस पृष्ठभाग अधिक गुळगुळीत ठेवते. त्याशिवाय दाते किती भरड किंवा बारीक, यावरून रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ आणि डेड स्मूथ अशी नावे आहेत. इंग्रजीत 'बास्टर्ड' हा शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही; पण दुकानदाराकडे तो निःसंकोच मागावा लागतो, आणि दुकानदारालाही त्यात काही वावगे वाटत नाही. भरड आणि बारीक यांच्या मधली ती जात, एवढाच त्याचा अर्थ.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बास्टर्ड हे नाव दात्यांचे ठराविक माप सांगत नाही. कानस जितकी लांब, तितके त्याच नावाचे दाते मोठे. म्हणजे १२ इंची बास्टर्ड कानशीचे दाते ६ इंची बास्टर्डपेक्षा कितीतरी भरड असतात. केवळ नाव सांगून मुलाला दुकानात पाठविले, तर तो भलतीच कानस घेऊन येण्याचा संभव असतो. वरच्या कठड्याच्या कामासाठी १० इंची सपाट बास्टर्ड, ८ इंची अर्धगोल सेकंड कट आणि एखादी ६ इंची गोल स्मूथ एवढ्या तिघी पुरतात. पुढे हात बसला म्हणजे सोनार वापरतात तशा बारीक कानशींचा एक संच घ्यावा. पहिल्याच दिवशी बारा कानशींची पेटी घेणाऱ्याच्या त्यांतल्या नऊ गंजून जातात, असा अनुभव आहे.

मूठ बसविल्याशिवाय कानस हातात धरू नये. कानशीचे मागचे टोक खिळ्यासारखे निमुळते असते, आणि कानस अडखळून थांबली की हातावर पडणारा सारा जोर त्या टोकावर येतो. मुठीशिवाय काम करताना ते टोक तळहातात घुसल्याच्या हकीकती प्रत्येक फिटरजवळ असतात. लाकडी मूठ स्वस्त असते. तिचे भोक घट्ट असावे, एवढेच.

कानशीने घासण्याची पद्धत पुष्कळांना उपजत येते असे वाटते. प्रत्यक्षात ती शिकावी लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये फिटरच्या शिक्षणाच्या आरंभीच मुलांना कानस चालवायला शिकवितात, आणि पहिले कित्येक दिवस त्यांचे दंड दुखतात. कानशीचे दाते पुढे झुकलेले असतात. म्हणून ती पुढे ढकलतानाच कापते. मागे आणताना किंचित उचलावी. दाबून मागे ओढली तर धातू निघत नाही आणि दाते मात्र बोथट होतात. वाइसची उंची अशी असावी की उभ्या माणसाचे कोपर तिच्या जबड्याच्या पातळीला येईल. जबडा ठेंगणा असला तर पाठ मोडते, उंच असला तर कानस झोके घेते आणि कड फुगीर होते. नवख्याची कड बहुधा फुगीरच होते. त्याला कानस सरळ चालली असे वाटते, पण पुढच्या टोकाला पोहोचताना ती खाली झुकते आणि मागे येताना मागचे टोक दबते, म्हणून मध्ये टेंगूळ राहते. कडेवर गुण्या लावून उजेडाकडे धरले की मध्येच टेकलेला गुण्या आणि दोन्ही टोकांना प्रकाशाची फट दिसते. तेव्हा कानस फक्त मधल्या उंचवट्यावर चालवावी. हे काम घाईने होत नाही. मात्र कठड्याच्या पट्टीची कड दर्पणासारखी सपाट असण्याची गरज नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. भिंतीला टेकणारा चेहरा सपाट हवा, बाहेरची कड गोल हवी. उरलेल्या बाजूंवर परिश्रम खर्च करणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

खरा सपाटपणा काय असतो, हे जाणून घ्यायचे असेल तर जोसेफ व्हिटवर्थचे नाव घ्यावे लागते. सन १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे त्याने एक निबंध वाचला. त्यात तीन लोखंडी पाट्या एकमेकींशी आळीपाळीने जुळवून, उंच भाग खरवडीत गेल्यास तिन्ही पाट्या खऱ्याखुऱ्या सपाट होतात, असे त्याने मांडले. दोन पाट्या घेतल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट राहूनही त्या एकमेकींत नेमक्या बसतात. तिसरी आली की ही लबाडी चालत नाही. घरी काम करणाऱ्याला याची गरज क्वचितच पडते. तरी एक युक्ती त्यातून घेता येते. जाड काचेचा तुकडा सपाट मेजावर ठेवून त्यावर एमरी कापड अंथरले, आणि पट्टीचा चेहरा त्यावर आठाच्या आकारात फिरवला, तर उंच भाग चकचकीत होऊन ताबडतोब दिसतात.

धातूप्रमाणे कानस बदलते. ॲल्युमिनियम, तांबे असे मऊ धातू दात्यांच्या खाचांत चिकटून बसतात. खाचांत अडकलेला एखादा कण मग गुळगुळीत पृष्ठभागावर खोल ओरखडा पाडतो, आणि अर्ध्या तासाचे काम एका फेऱ्यात बिघडते. यावर उपाय म्हणजे कानशीला आधी शाळेतला पांढरा खडू घासावा. खडूची पूड खाचांत बसते, धातूला आत शिरू देत नाही, आणि तारेच्या ब्रशाने झाडली की निघून जाते. पितळेला धारदार दाते लागतात. बोथट कानस पितळेवरून नुसती सरकते. म्हणून जाणते लोक नवी कानस आधी पितळेवर वापरतात, ती थोडी झिजली की पोलादाला देतात. उलट क्रम केला तर पितळेच्या कामाला ती कधीच उपयोगी पडत नाही. बिडाच्या ओतीव वस्तूवर वाळूमिश्रित कठीण साल असते. त्या सालीवर चांगली कानस घातली की पाच मिनिटांत तिचे दाते गेलेच म्हणून समजावे. ती साल जुन्या टाकाऊ कानशीच्या कडेने किंवा ग्राइंडरने काढून, आत मऊ धातू लागल्यावर चांगली कानस वापरावी. गॅसने कापलेल्या कडेबद्दलही तीच सावधगिरी हवी, विशेषतः पोलादात कार्बन जास्त असेल तेव्हा. ज्योतीने तापून आणि नंतर झटकन निवून अशी कड कठीण होते. आजकाल लेसरने कापलेले भागही स्वस्तात करून मिळतात. पण ऑक्सिजन वापरून लेसरने कापलेल्या कडेवर काळसर भस्माचा पातळ थर राहतो. तो न घासता रंग दिला तर रंग त्या थरासकट सोलून निघतो, आणि दोष रंगाला दिला जातो.

न्हाणीघरासाठी पुष्कळ जण गंज न चढणारे स्टेनलेस पोलाद घेतात. ते योग्यच आहे. मात्र ज्या कानशीने काल साधे लोखंड घासले त्याच कानशीने आज स्टेनलेसला हात लावू नये. दात्यांत राहिलेला लोखंडाचा कीस स्टेनलेसच्या पृष्ठभागात रुतून बसतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या ठिकाणी तांबूस ठिपके उमटतात. मग घरातील लोक म्हणतात, दुकानदाराने फसवले. ग्राइंडरची तबकडी आणि तारेचा ब्रश यांच्याविषयीही हाच नियम आहे. स्टेनलेससाठी एक कानस निराळी ठेवून तिच्या मुठीला रंगाचा पट्टा मारून ठेवावा. जस्ताचा मुलामा असलेली नळी घेतली असेल तर ती कापल्यावर व घासल्यावर मुलामा गेलेल्या जागी गंज सुरू होतो. आणि अशी नळी वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो हुंगल्यास संध्याकाळी थंडीतापासारखी कणकण येते. वेल्डिंग करण्यापूर्वी टोकाजवळचा मुलामा घासून काढणे हे दुकानदाराचे काम. पण ते झाले की नाही हे पाहणे घरमालकाच्या हातात असते.

भोकांची कड मोडणे हे सर्वांत विसरले जाणारे काम आहे. ड्रिलने भोक पाडले की खालच्या बाजूला धातूची वाकडी झालर राहते. ती राहिली तर पट्टी भिंतीला सपाट बसत नाही, आणि स्क्रू आवळला की पट्टी किंचित तिरपी उभी राहते. त्यासाठी वेगळे हत्यार घ्यावेच असे नाही. भोकापेक्षा मोठ्या मापाचा ड्रिलचा बिट हातातच धरून, कापडाने गुंडाळून, भोकावर दोन-तीन फेरे दिले की झालर निघते. नळीच्या आतल्या कडेला अर्धगोल कानस तिरपी धरून फिरवावी. फिरत्या पात्याचे एक छोटे हत्यारही मिळते; त्याचे वाकडे पाते कडेवरून ओढले की बर धाग्यासारखी सुटून येते. नळ्या जास्त असतील तर ते घेण्यासारखे आहे. पन्नास-शंभर बारीक भाग करायचे असतील तर हाताने कडा मोडत बसणे वेडेपणा ठरेल. कारखान्यांत असे भाग चिनी मातीच्या लहान खड्यांबरोबर पिंपात घालून तासन् तास फिरवतात. घरी तशी वेळ सहसा येत नाही.

आता ग्राइंडर. हातात धरण्याच्या ४ इंची ग्राइंडरची तबकडी मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगाने उडालेला कण डोळ्यात शिरला तर काय होईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणून बाजूनेही झाकणारा चष्मा घातल्याशिवाय ग्राइंडर सुरू करू नये. दृष्टीसाठी लावलेला नेहमीचा चष्मा त्या कामाचा नाही. तबकडीवरचे संरक्षक झाकण काढून ठेवण्याची खोड पुष्कळ दुकानांत दिसते. दिसते म्हणून ती योग्य ठरत नाही. कापण्यासाठी असलेल्या पातळ तबकडीच्या चपट्या अंगाने घासणे तर साफ वर्ज्य आहे, कारण ती आडव्या दाबाने तडकून फुटते. तबकडीवर तिची कमाल गती छापलेली असते, आणि राळेने बांधलेल्या तबकडीवर मुदतीची तारीखही असते. ही मुदत साधारणपणे तीन वर्षांची धरतात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत माळ्यावर पडून राहिलेल्या तबकडीबद्दल अधिकच साशंक असावे.

घासण्याकरिता सर्वांत सोईची तबकडी म्हणजे एमरी कापडाच्या पाकळ्या एकावर एक बसविलेली फ्लॅप डिस्क. ती दगडी तबकडीइतकी हिंस्र नसते. वेल्डिंगचा उंच टाका उतरविण्यासाठी ६० नंबरची आणि नंतर १२० नंबरची, अशा दोन पुरतात. पण टाका उतरविताना हात आवरावा. टाका पूर्ण सपाट दिसावा म्हणून तो नळीच्या पातळीपर्यंत आणि त्याच्याही खाली घासणारे लोक आहेत. पातळ टाक्यातील जोर त्या घासण्याबरोबर निघून जातो. आईचे सारे वजन एखाद्या दिवशी त्या टाक्यावर येणार आहे, हे विसरता कामा नये. हाताला टोचणारे थेंब आणि टोके काढावीत, टाक्याची गोलाई राहू द्यावी.

मेजावर बसविलेला दगडी चाकाचा ग्राइंडर ज्यांच्याकडे आहे त्यांनी नवा दगड बसविण्यापूर्वी तो दोरीला टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहावा. ठणठणीत नाद आला तर दगड शाबूत आहे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर तो फेकून द्यावा. सुरू केल्यावर एखादा मिनिट समोरून बाजूला उभे राहावे. दगड आणि टेकणीमधली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, नाहीतर लहान तुकडा तिच्यात ओढला जाऊन अडकतो. सैल बाही, धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातील माळ, सुती हातमोजे यांपैकी काहीही फिरत्या दगडाजवळ येऊ देऊ नये. पोलादासाठी असलेल्या करड्या दगडावर ॲल्युमिनियम धरू नये. ते दगडाची छिद्रे भरून टाकते, दगड तापतो आणि फुटण्याची भीती निर्माण होते. शिवाय ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि लोखंडाच्या ठिणग्या एकत्र आल्यास आग लागण्याचा धोका असतो.

घासण्याच्या पुडीबद्दल थोडे सांगावयाचे राहिले. आपल्या पूर्वजांना कुरुंद दगड ठाऊक होता. सहाणेवर हत्यारे आणि रत्ने घासण्यासाठी तो वापरला जाई. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही भारतीय भाषांतूनच गेला आहे. एमरी कापडावरचा काळा कण म्हणजे कुरुंदाचाच लोहमिश्रित भाऊ. सन १८९१ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड अचेसन याने विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले. त्याला त्याने कार्बोरंडम हे नाव दिले. पोलादाला कुरुंदाच्या जातीचे कण बरे, बीड, पितळ आणि ॲल्युमिनियम यांना सिलिकॉन कार्बाइड बरे, एवढे स्मरणात ठेवले तर घरच्या कामाला पुरे. कागद किंवा कापड नुसत्या बोटांनी धरून घासू नये. बोटाखालचा भाग तेवढा खोल जातो. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून आधी ८०, मग १२०, मग २२० नंबर, असा क्रम ठेवावा, आणि प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवे घासावे, म्हणजे आधीच्या रेघा संपल्या की नाही हे दिसते. घासताना उडणारी धूळ शेफील्डच्या दगडी धुळीइतकी घातक नसली तरी नाकावर मुखपट्टी असलेली बरी. लोखंडाचा कीस तोंडाने फुंकून उडवू नये. तो सरळ डोळ्यात येतो. जवळ एक जुना रंगाचा ब्रश ठेवला की झाले.

ज्या बेळगावात हा कठडा बसायचा आहे त्याच गावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांचे काम त्यांनी तेथेच आरंभिले आणि १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात हलविला. मुंबईच्या तंत्रशाळेत ते यंत्रांची रेखाटने शिकवीत असत. आज बेळगावच्या उद्यमबागेत ओतीव कामाचे आणि यंत्रभागांचे कारखाने दाटीने उभे आहेत. त्यांतील निवृत्त फिटर गल्लोगल्ली सापडतात. अशा एखाद्या काकांना एक संध्याकाळ घरी बोलावून, चहा देऊन, त्यांच्या हातून कानस कशी चालते हे पाहिले, तर पुस्तक वाचून येणार नाही ते येते. ते प्रथम मुलाच्या हातची कानस घेतील, तिच्या दात्यांवर नख फिरवतील आणि बहुधा ती कोणत्या दुकानातून आणली, हे विचारतील.

रंगाचा आणि कडेचा संबंध फार निकट आहे, म्हणून रंगाबद्दल दोन शब्द. ओला रंग तीक्ष्ण कडेवर टिकत नाही, तो दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि कडेवर त्याचा थर अतिशय पातळ राहतो. गंज म्हणूनच पहिल्यांदा कडेवर येतो. पोलादी बांधकामांवर रंगकाम करणारे अभियंते कडांना निदान २ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई मागतात, ती शोभेकरिता नव्हे. कठड्याच्या पट्टीलाही तेवढी गोलाई द्यावी. कानस आधी कडेवर ४५ अंशांत धरून एक तिरपी पट्टी काढावी, मग तिच्या दोन्ही नव्या कडा हलकेच मोडाव्यात, आणि शेवटी एमरी कापडाची पट्टी, जोडे पुसतात तशी, कडेवरून मागेपुढे ओढावी. पूर्वी अशा कामाला शिशाचा शेंदरी रंग आधी देत. शिसे विषारी असल्यामुळे घरात तो आता देऊ नये. लोखंडासाठी मिळणारा शिसेविरहित प्राथमिक रंग पुष्कळ चांगला असतो.

रंगापूर्वी एक परीक्षा करावी. बोटाने नव्हे, कापसाच्या बोळ्याने. कोरडा कापूस सगळ्या कडांवरून, भोकांच्या तोंडांवरून, नळीच्या टोकांवरून, वेल्डिंगच्या टाक्यावरून सावकाश फिरवावा. जेथे तंतू अडकेल तेथे पुन्हा बारीक कानस. दोनदा-तीनदा हे करावे लागते, आणि दर वेळी एखादी नवी जागा सापडते. तंतू कोठेच अडकेनासा झाला की त्याच दिवशी रंगाचा पहिला हात द्यावा. आषाढातल्या हवेत नुकतेच घासलेले उघडे लोखंड रात्रीतून तांबूस होते. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर, आणि भिंतीत भोके पाडण्याचे काम त्यानंतर. कठड्याची उंची ठरविण्यासाठी मात्र आईला एकदा न्हाणीघरात उभे करून, तिचा हात सहज कोठे जातो ते पाहून, भिंतीवर खडूची खूण आधीच करून ठेवावी.